उजवीकडची सीट

माणिक, तू गेल्यावर आठ दिवस
मी ती सीट सरळ केली नाही.
तशीच मागे रेललेली, पायाशी शेंगांची टरफलं,
आणि काचेवर, तू डोकं टेकायचीस तिथं,
खोबरेलाचा एक पुसट चंद्र.

लिंकनहून निघालो तेव्हा सहा वाजले होते.
थर्मास भरून घेतलास.
"रस्त्यात मिळतो गं," म्हटलं,
तर म्हणालीस, "मिळतो तो चहा नव्हे."
मग उजव्या बाजूला आलीस, दार उघडलंस
आणि थबकलीस.
समोर स्टिअरिंग नव्हतं.
म्हणजे हात विसरले नव्हते तर,
एकतीस वर्षं झाली तरी.

कराडला देशमान्यांच्या मोटार स्कूलात
मुली आपण दोघीच.
पांढरी फियाट, तिचं दार दोरीनं बांधलेलं.
कृष्णेच्या पुलावर तू ती बंद पाडलीस.
मागे एसटी, एसटीमागे उसाच्या बैलगाड्या,
हॉर्नवर हॉर्न,
आणि देशमाने तंबाखू मळत, शांत :
"घाई नाही पोरी. पूल कुठं जात नाही."
त्या संध्याकाळी घाटावर ठरवलं,
आपण परदेशात गाडी चालवायची.
असा रस्ता, जो संपणार नाही,
आणि मागे हॉर्न देणारं कुणी नसेल.
वहीत अंतरं मैलांत लिहिली,
कारण किलोमीटरपेक्षा मैल
आपल्याला जास्त लांबचा वाटायचा.

लायसन मिळालं. तुझं
लग्नातल्या साड्यांच्या घडीखाली गेलं.
माझं मी इकडे आणलं, ते चाललं नाही.
पुन्हा परीक्षा दिली. तीनदा.
पत्रात तुला एकदाच म्हणून लिहिलं होतं.

तर हा तो रस्ता. ऐंशी नंबरचा.
वाळवणाची दोरी ताणून बांधावी इतका सरळ.
गेल्या सालच्या मक्याची धसकटं,
पाण्याच्या टाक्या, टाक्यांवर गावांची नावं,
आणि आभाळ,
त्याला पाठ टेकायला एक डोंगर नाही.
मी म्हणाले, ती बघ मालगाडी, डबे मोज.
तू एकशे चारपर्यंत मोजलेस
आणि झोपलीस.

ग्रँड आयलंड गेलं, तू झोपेत.
मग ते आले, ज्यांच्यासाठी मी
मार्चची रजा वर्षभर जपून ठेवली होती :
क्रौंच, हजारोंनी, शेतात उतरलेले,
राखाडी, हात मागे बांधून
पेन्शनरांसारखे फिरणारे.
मी गाडी हळू केली, तुला हाक मारायला वळले
आणि तुझा पाय दिसला.
उजवा, लोकरीच्या मोज्यातला.
झोपेत तो दाबत होता
तिथं नसलेला ब्रेक.
मी वेग उतरवला की दाबायचा,
वाढवला की सैल व्हायचा.
पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तसंच.

हाक मारली नाही.
आरशात पाहिलं, मागे कुणी नव्हतं.
चाळीस मैल तू चालवलीस, माणिक.
मी नुसतं स्टिअरिंग धरून बसले होते.

कर्नीला पेट्रोल भरताना जागी झालीस.
"काही बघायचं राहिलं का गं?"
"छे. मकाच होता."
खोटंच बोलले, आणि वाईट वाटलं नाही.
तू थर्मासच्या झाकणात चहा ओतलास,
अर्धा तुला, अर्धा मला,
कोमट, आल्याचा चोथा तळाशी.
खरंच, तो चहा होता.

परवा फोनवर म्हणालीस,
पुढच्या खेपेला पार समुद्रापर्यंत जाऊ.
जाऊ, म्हटलं. वही आहे का अजून?
तू बराच वेळ बोलली नाहीस.
मागे तुमच्याकडे कुकरची शिट्टी झाली.

काल कामावर जाताना
ओ स्ट्रीटवर सिग्नल पिवळा झाला.
आधी मी उजवीकडच्या सीटखाली पाहिलं.
मग ब्रेक दाबला.